कुत्र्यानं धरला, आम्ही कुठं मारला?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. स्टँडसमोरच्या टपरीवर चहा घेत होतो. ओळखीतल्या एका पोरानं मोबाईल पुढे केला. "भाऊ, हे बघा." पहाटेचा उजेड, मोकळं माळरान, मागे तीन-चार लांब टांगांची कारवानी कुत्री आणि पुढे जीव खाऊन पळणारा ससा. शेवट मी पाहिला नाही, मोबाईल परत दिला.

"अरे, हा गुन्हा आहे," मी म्हणालो.

"गुन्हा कसला भाऊ? ना बंदूक, ना फासं. कुत्र्यानं धरला. आम्ही कुठं मारला?"

टपरीवर सगळे हसले. मला मात्र हसू येईना, कारण हेच वाक्य मी आधी वाचलं होतं. ते बोलणारे लोक लाल कोट घालणारे, हजारो एकर जमिनीचे मालक, इंग्लंडचे लॉर्ड आणि सर होते. माणसाने कुत्री घेऊन रानात जायचं, कुत्र्यांनी जनावर मारायचं, तर शिकार कोणी केली? या एका प्रश्नावर ब्रिटनची संसद वर्षानुवर्षं भांडली, लाखो लोक रस्त्यावर उतरले, प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेलं. कायदा झाला, तरी प्रश्न काही पूर्ण मिटला नाही. आज तोच इतिहास सांगतो. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. शेवटी आपण परत टपरीवर येणार आहोत.

आधी हा खेळ काय होता ते समजून घेऊ. तिथला फॉक्स म्हणजे आपल्या माळावर दिसणाऱ्या खोकडाचा थोराड चुलतभाऊ. आपण ज्याला कोल्हा म्हणतो तो जॅकल, वेगळा. पण शाळेच्या पुस्तकापासून फॉक्सला कोल्हाच म्हणायची सवय आहे, म्हणून मीही तेच म्हणतो. पूर्वी तिकडच्या बड्या लोकांची मानाची शिकार म्हणजे हरीण. जंगलं तुटली, हरणं कमी झाली, तसा कोल्हा मानाचा झाला. अठराव्या शतकात लेस्टरशायरमधल्या ह्यूगो मेनेल नावाच्या जमीनदाराने वासावर लांबवर आणि वेगाने धावणारी हाउंड कुत्री तयार केली. तिथून आजच्या पद्धतीची शिकार सुरू झाली असं मानतात.

प्रत्येक भागाचं एक शिकारमंडळ असायचं, त्याला म्हणायचं 'हंट'. त्याचा एक मास्टर, कुत्र्यांना सांभाळणारा पगारी हंट्समन, कुत्र्यांचा मोठा कळप आणि मागे घोड्यांवर गावातली प्रतिष्ठित मंडळी. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशीची शिकार म्हणजे तर जत्राच. आदल्या रात्री माणसं पाठवून कोल्ह्यांची बिळं बुजवायची, म्हणजे सकाळी त्याला लपायला जागा नाही. तरी कुठे बिळात घुसलाच, तर छोटी टेरियर कुत्री आत सोडायची आणि वरून खणायचं. शेतकऱ्याच्या कोंबड्या-कोकरं वाचवण्यासाठी हे करतो, असं सांगितलं जायचं. कोल्हा कोंबड्या खातो हे खरंच आहे. पण नुसतं उपद्रवी जनावर कमी करायचं असतं, तर एवढे घोडे, एवढे कोट आणि एवढी कर्णी लागली नसती.

आता कायद्याकडे या. प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध कायदा करण्यात ब्रिटन जगात फार पुढे. १८२२ मध्ये रिचर्ड मार्टिन या खासदाराने गुराढोरांना, घोड्यांना निर्दयपणे वागवण्याविरुद्ध कायदा करून घेतला. १८३५ मध्ये बैलांवर कुत्री सोडण्याचे खेळ, कोंबड्यांच्या झुंजींचे अड्डे बंद झाले. १९११ मध्ये आणखी मोठा कायदा आला. पण या सगळ्यात एक गंमत आहे. संरक्षण पाळीव किंवा कोंडलेल्या जनावराला. रानातल्याला नाही. १९११ च्या कायद्यात तर शिकारीला सरळ सूट दिली होती.

म्हणजे हिशेब असा झाला. गाडीवानाने घोड्याला बेदम मारलं तर खटला. मजुरांनी रविवारी कोंबडे झुंजवले तर पोलीस. आणि जमीनदाराने घोड्यावर बसून कुत्र्यांकडून कोल्हा फाडवला तर तो खेळ. गरिबाची करमणूक क्रूर आणि श्रीमंताची परंपरा, हा भेद तेव्हाही काही लोकांना खुपत होता.

त्यातला एक हेन्री सॉल्ट. ईटन या बड्यांच्या शाळेत शिक्षक होता, नोकरी सोडली, आणि १८९१ मध्ये ह्युमॅनिटेरियन लीग नावाची संस्था काढली. हे नाव आपल्याला परकं नाही. लंडनला बॅरिस्टर व्हायला गेलेल्या तरुण मोहनदास गांधींनी शाकाहारावरचं पुस्तक वाचलं आणि शाकाहार मनापासून स्वीकारला, ते पुस्तक याच सॉल्टचं. सॉल्टच्या लीगने राजघराण्याच्या हरणांच्या शिकारीवर टीकेची झोड उठवली. तिथे प्रकार असा की, पाळलेलं हरीण गाडीत घालून न्यायचं, मोकळं सोडायचं, मागे कुत्री लावायची, दमलं की पकडून परत पुढच्या वेळेसाठी ठेवायचं. १९०१ मध्ये राजघराण्याचं ते शिकारपथक बंद झालं. पुढे १९२४ मध्ये फक्त अशा शिकारींविरुद्ध काम करणारी वेगळी लीग निघाली. तिला उत्तर म्हणून १९३० मध्ये शिकारवाल्यांनीही आपली संघटना काढली.

दुसऱ्या महायुद्धानंतर मजूर पक्षाचं सरकार आलं. वाटलं, आता बंदी येणार. १९४९ मध्ये दोन खासगी विधेयकं आली आणि दोन्ही बारगळली. विरोधात उभे राहिले खुद्द मजूर पक्षाचे कृषिमंत्री टॉम विल्यम्स. युद्धानंतर रेशनिंग चालू होतं, देशाला शेतकऱ्याकडून धान्य हवं होतं, त्याला दुखवून कसं चालेल? सरकारने नेहमीचा उपाय केला. समिती नेमली. १९५१ मध्ये समितीने सांगितलं की कोल्ह्याला मारण्याचे दुसरे मार्गही काही कमी त्रासाचे नाहीत, शिकार चालू द्या. विषय जवळजवळ अर्धं शतक लांबला.

१९९७ मध्ये टोनी ब्लेअर प्रचंड बहुमताने आले. वुस्टरचे खासदार मायकेल फॉस्टर यांनी खासगी विधेयक मांडलं. दुसऱ्या वाचनाला ४११ विरुद्ध १५१ अशी मतं पडली. एवढं बहुमत असूनही सरकारने सभागृहाचा वेळ दिला नाही आणि विधेयक मेलं. तिकडे गावाकडचे लोक लंडनला धडकू लागले. जुलै १९९७ मध्ये हाइड पार्कमध्ये लाखाच्या वर माणसं. मार्च १९९८ मध्ये त्याहून मोठा मोर्चा. सप्टेंबर २००२ च्या मोर्चात चार लाखांवर लोक होते. त्यात सगळे जमीनदार नव्हते. घोड्याला नाल ठोकणारे, तबेल्यात काम करणारे, छोटे शेतकरी, गावातली पोस्टं आणि शाळा बंद होतायत म्हणून चिडलेले लोकही होते. "शहरातल्यांना गावाकडचं काय कळतं?" हा त्यांचा सूर.

हा सूर ऐकून तुम्हाला काय आठवतं? मला बैलगाडा शर्यत आठवते. तिथे रानटी जनावर नाही, कुत्रीही नाहीत, विषय वेगळा आहे हे मान्य. पण २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातल्यापासून ते १८ मे २०२३ ला घटनापीठाने महाराष्ट्राची कायदादुरुस्ती वैध ठरवेपर्यंत आपल्याकडे जे बोललं गेलं, त्यातली निम्मी वाक्यं लंडनच्या त्या मोर्च्यांतल्या फलकांवर खपली असती. क्रूरता विरुद्ध परंपरा असं वरवर दिसतं, आत गाव विरुद्ध शहर हे भांडण असतं. आणि आम्हाला न विचारता आमच्यावर कायदा लादला ही खंत दोन्हीकडे एकच.

ब्लेअर सरकारने १९९९ च्या शेवटी लॉर्ड बर्न्स यांच्याकडे चौकशी सोपवली. जून २००० मध्ये अहवाल आला. त्यांनी 'क्रूर' हा शब्द वापरला नाही. पाठलाग, पकड आणि मरण यात कोल्ह्याच्या हिताला गंभीर बाधा येते, असं मोजून-मापून लिहिलं. शिकारीवर सहा ते आठ हजार पूर्णवेळ रोजगार अवलंबून आहेत, पण हंटनी थेट नोकरीवर ठेवलेले साधारण सातशेच, हेही सांगितलं. दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीची वाक्यं उचलली. समित्यांच्या अहवालांचं असंच होतं.

दरम्यान स्कॉटलंडने बाजी मारली. नव्याने स्थापन झालेल्या तिथल्या संसदेने फेब्रुवारी २००२ मध्ये ८३ विरुद्ध ३६ मतांनी कायदा केला आणि कुत्र्यांनी रानटी सस्तन प्राण्याची शिकार करणं बंद केलं.

लंडनमध्ये सरकारने आधी मधला मार्ग काढून पाहिला. शिकारीची नोंदणी करा, ती गरजेची आहे आणि इतर मार्गांपेक्षा कमी त्रासाची आहे हे सिद्ध करा, मग परवाना घ्या. खासदारांना हे पटलं नाही, त्यांनी २००३ मध्ये विधेयक सरसकट बंदीचं केलं. लॉर्ड्सनी ते अडवलं. १५ सप्टेंबर २००४ ला कॉमन्सने पुन्हा ३५६ विरुद्ध १६६ मतांनी मंजूर केलं. त्या दिवशी बाहेर पोलीस आणि निदर्शकांत धुमश्चक्री चालू होती, आणि आत पाच शिकारसमर्थक थेट सभागृहात घुसले. लॉर्ड्स तरीही मानेनात. शेवटी १८ नोव्हेंबर २००४ ला पार्लमेंट ॲक्टचं ब्रह्मास्त्र काढलं गेलं. म्हणजे वरच्या सभागृहाची संमती नसतानाच विधेयकाचा कायदा झाला. अंमलबजावणी पुढे ढकलून शिकारवाल्यांना आवराआवरीला वेळ द्यायचा प्रस्तावही होता. लॉर्ड्सनी तोही फेटाळला. त्यामुळे बंदी तीनच महिन्यांत, १८ फेब्रुवारी २००५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये लागू झाली.

शिकारवाले कोर्टात गेले. त्यांचा मुद्दा हुशारीचा होता. पार्लमेंट ॲक्टची १९४९ ची दुरुस्तीच लॉर्ड्सच्या संमतीविना झाली होती, म्हणून ती अवैध, म्हणून तिच्या जोरावर केलेला शिकारीचा कायदाही अवैध. ऑक्टोबर २००५ मध्ये नऊ लॉ लॉर्ड्सनी एकमताने हे फेटाळलं. एका कोल्ह्यापायी ब्रिटनची राज्यघटनाच तपासून झाली! पुढे मानवी हक्कांचा मुद्दाही २००७ मध्ये टिकला नाही.

इथे सिनेमा संपायला हवा होता. पण खरी गोष्ट इथून सुरू होते.

कायद्याचं पहिलं कलम अगदी छोटं. कुत्र्याने रानटी सस्तन प्राण्याची शिकार करणं गुन्हा, अपवादात बसत असेल तर सोडून. सगळी मेख त्या अपवादांच्या यादीत आहे. दोनपर्यंत कुत्री वापरून जनावर झुडपातून बाहेर काढायचं आणि लगेच गोळी घालायची, चालेल. उंदीर आणि रानससे मारायला कुत्रं, चालेल. शिकारी पक्ष्याला सावज मिळावं म्हणून जनावर उठवणं, चालेल. मग काय, काही मंडळींनी शिकारीला जाताना सोबत गरुड न्यायला सुरुवात केली! गरुड हातावर, मागे कुत्री, आणि कागदावर सगळं कायद्यात.

त्याहून मोठी वाट होती ट्रेल हंटिंगची. आधी एखाद्या फडक्याला कोल्ह्याचा वास लावून ते रानातून ओढत न्यायचं, आणि मग कुत्र्यांना त्या वासावर सोडायचं. जिवंत जनावराचा पाठलाग नाही, म्हणून गुन्हा नाही. लाल कोट तेच, घोडे तेच, कुत्री तीच, रान तेच. आणि वाटेत कुत्र्यांना खराच कोल्हा सापडला तर? "अपघात झाला साहेब. आम्ही फडक्यामागे होतो, कुत्री भरकटली." कुत्र्यानं धरला, आम्ही कुठं मारला!

हे कोर्टात सिद्ध करणं महाकठीण. शिकार हेतुपुरस्सर होती हे फिर्यादी पक्षाने सिद्ध करायचं. २००९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की जनावर नुसतं शोधत हिंडणं म्हणजे शिकार नव्हे. हंटांच्या संघटनेचा एक पदाधिकारी ऑनलाइन बैठकीत ट्रेल हंटिंगबद्दल जे बोलला, त्यावरून २०२१ मध्ये दोषी ठरला. २०२२ मध्ये अपिलात निर्दोष सुटला. शब्दांवरची लढाई ती, शब्दांनीच सुटायची.

आणि मग या कायद्यात सापडलं कोण? गेल्या वीस वर्षांत ज्यांना शिक्षा झाल्या, त्यातले बहुतेक लाल कोटवाले नव्हतेच. दुसऱ्याच्या शेतात रात्री-बेरात्री कुत्री घेऊन घुसणारे, ससे मारणारे फुटकळ लोकच जास्त. जो कायदा लॉर्डांच्या विरोधात म्हणून गाजला, त्याच्या जाळ्यात वकील न परवडणारे अडकले. १८३५ ची गोष्ट आठवली ना?

ब्लेअर यांनी २०१० मध्ये आपल्या आत्मचरित्रात या बंदीचा पश्चात्ताप व्यक्त केला. २०१५ मध्ये कॅमेरून सरकारने कायदा सैल करायचा प्रयत्न केला. स्कॉटिश नॅशनल पार्टीने विरोधात मतदान करणार असं जाहीर करताच मतदानच मागे घेतलं. म्हणजे कायदा मोडीत काढणंही जमलं नाही आणि नीट राबवणंही.

धडा घेतला तो पुन्हा स्कॉटलंडने. आपल्या २००२ च्या कायद्यात भगदाडं आहेत हे त्यांनी कबूल केलं. लॉर्ड बोनोमी यांच्याकडून तपासणी करून घेतली. २०१६ च्या त्या अहवालात कायद्याच्या भाषेतली संदिग्धता आणि पुराव्याची अडचण दोन्ही दाखवल्या होत्या. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या संसदेने जुना कायदा बाजूला ठेवून नवा केला. दोनच कुत्री, जास्त हवी तर परवाना, आणि ट्रेल हंटिंगवरही बंदी. इंग्लंडमध्ये मजूर पक्षाने २०२४ च्या जाहीरनाम्यात ट्रेल हंटिंग बंद करायचं वचन दिलं. म्हणजे पहिल्या कायद्यानंतर वीस वर्षांनी त्यातली फट बुजवायचं वचन. उत्तर आयर्लंडमध्ये तर कोल्ह्याच्या शिकारीवर अशी बंदी अजूनही नाही.

आता टपरीवर परत येऊ.

इंग्रज आपल्याकडे आले ते हा खेळ सोबत घेऊन आले. फॉक्स नव्हता म्हणून आपल्या कोल्ह्यामागे हाउंड सोडले. मुंबई, पुणे, उटी, जिथे छावणी तिथे शिकारीचे कळप. आणि त्याच राज्यात १८७१ मध्ये क्रिमिनल ट्राइब्स ॲक्ट आला. फासे लावून तितर-ससे धरून पोट भरणाऱ्या आपल्या पारध्यांवर पुढे जन्मजात गुन्हेगार असा शिक्का बसला. साहेबाचं कुत्रं ससा धरतं तो स्पोर्ट, पारध्याचा फासा ससा धरतो तो गुन्हा. हा शिक्का कागदावरून पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. लोकांच्या मनातून अजून पुसलेला नाही, हे आपण रोज बघतो.

स्वतंत्र भारताने १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा केला. त्यातली 'शिकार' या शब्दाची व्याख्या एकदा वाचाच. मारणं, विष घालणं, पकडणं, फासे लावणं, हाकारणं, आमिष दाखवणं. आणि त्यातच एक इंग्रजी शब्द आहे, 'कोर्सिंग'. म्हणजे कुत्र्यांकरवी जनावराचा पाठलाग करणं. नुसता प्रयत्न केला तरी तीही शिकारच. जनावर मरायलाच हवं असं नाही. ब्रिटनच्या संसदेला २००४ मध्ये ज्या प्रश्नाशी झुंजावं लागलं, त्याचं उत्तर आपल्या कायद्यात आधीपासून आहे. तो पोरगा म्हणतो तसा "कुत्र्यानं धरला" हा बचाव इथे चालत नाही. माळावरचा ससा संरक्षित आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कोल्हा-खोकडाला तर त्याहून कडक. गाडीही जप्त होऊ शकते. आणि पुरावा म्हणाल, तर आपली पोरं स्वतःच रील करून टाकतायत.

रानडुकरं पीक उद्ध्वस्त करतात, शेतकरी रात्र-रात्र राखण करतो, हे मी नाकारत नाही. त्यासाठी कायद्यात परवानगीची वाट आहे. ती सुटसुटीत नाही, वेळेत मिळत नाही, ही तक्रार रास्त आहे आणि त्यावर आपण भांडलं पाहिजे. पण रविवारी मजेखातर सशामागे कुत्री सोडायची आणि शेतकऱ्याच्या आडोशाला उभं राहायचं, हे बरोबर नाही. इंग्लंडच्या लॉर्डांनीही तेच केलं होतं.

मग आपला कायदा चांगला, एवढ्यावर खूश होऊ का? नाही होता येत. तिकडे शब्दांत फट होती, इकडे अंमलबजावणीत आहे. रानात फासा लावणारा पारधी सापडला की पेपरला फोटोसह बातमी येते. तशा बातम्या मीही दिल्या आहेत, लपवत नाही. पण गाड्या घेऊन, कुत्री घेऊन फार्महाउसवर येणाऱ्या पाहुण्यांची बातमी मी आजवर किती वेळा दिली? एकदाही नाही. कुणाचं तरी नाव मधे येतं, कुणाचा तरी फोन येतो.

त्या पोराला मी इंग्लंडची ही सगळी गोष्ट सांगितली. व्याख्याही वाचून दाखवली. त्याने व्हिडिओ डिलीट केला. मग चहाचा शेवटचा घोट घेऊन म्हणाला, "भाऊ, आमचं ठीक आहे. पण त्या अमक्याच्या फार्महाउसवर दर महिन्याला हेच चालतं. त्यांना वाचून दाखवाल का?"

मी तेव्हा गप्प बसलो. आज ही पोस्ट लिहितोय ती त्याचं उत्तर म्हणून. व्याख्या वर दिली आहे. ती टपरीला लागू आहे, तशी फार्महाउसलाही.